फुरशांचं बक्षीस आणि घरातला साप

एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्याच्या सरकारी खर्चात एक चमत्कारिक बाब होती. लोक मेलेली फुरशी, म्हणजे लहान विषारी साप, आणायचे, ती मोजली जायची आणि नगामागे थोडके पैसे हातावर टेकवले जायचे. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधला जी. डब्ल्यू. विडाल हा अधिकारी या भागात काम करून गेला. १८९० साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याने या बक्षिसाचा आकडा दिला. सहा वर्षांची सरासरी वर्षाला २,२५,७२१ फुरशी. म्हणजे दिवसाला सहाशेच्या वर, आणि सहा वर्षांत साडेतेरा लाख. जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा दहा लाखांच्या आसपास होती. माणशी एकाहून जास्त फुरसं मारलं गेलं, आणि तरी फुरशी काही संपली नाहीत. आजही सड्यावरचा जांभ्याचा दगड उलटायचा तर कोकणातला शहाणा माणूस आधी तो काठीने हलवून बघतो.

फुरसं दिसायला अगदीच किरकोळ. लांबी फूटभर, फार तर दीड-दोन फूट, रंग मातीशी मिळताजुळता तपकिरी, डोक्यावर बाणाच्या फाळासारखी पुसट खूण. चिडलं की ते वेटोळं घालून अंगावरचे करवती खवले एकमेकांवर घासतं आणि त्यातून करकर असा कोरडा आवाज येतो. नागासारखा फणा नाही, अजगरासारखं धूड नाही. भीती वाटावी असं त्यात काही नाही, आणि घात होतो तो तिथेच. गवत कापताना, चिरे उचलताना, अंगणातून अनवाणी जाताना ते चावतं. जखम लहान असते. लगेच काही होत नाही म्हणून माणूस हळद लावून कामाला लागतो. मग हिरड्यांतून रक्त यायला लागतं, लघवी लाल होते, कारण विषाने रक्ताची गोठण्याची ताकदच काढून घेतलेली असते. मरण कित्येकदा काही दिवसांनी येतं. विडालचं म्हणणं असं होतं की मुंबई इलाख्यात साप चावून होणाऱ्या मृत्यूंचं खापर सरसकट नागावर फुटतं, पण खरा मोठा वाटा या फूटभर सापाचा आहे. नोंदी करणाऱ्यांना सापाची जातच ओळखता येत नव्हती. त्या काळचे सर्पदंशाचे आकडे किती कच्चे आहेत, ही तक्रार त्याने आपल्या लेखाच्या शीर्षकातच घातली होती.

इथे एक गोष्ट बाजूला काढून ठेवायला हवी. इंग्रजांनी दिल्लीत नागांवर बक्षीस लावलं, तर लोकांनी पैशांसाठी घरोघरी नाग पाळायला सुरुवात केली, हा किस्सा अर्थशास्त्राच्या वर्गांत जगभर सांगितला जातो. होर्स्ट झीबर्ट या जर्मन अर्थतज्ज्ञाने २००१ साली आपल्या पुस्तकाला त्यावरूनच नाव दिलं. किस्सा झकास आहे, पण त्याला दफ्तरातला भक्कम पुरावा कोणी दाखवलेला नाही. असा प्रकार खरोखर घडल्याची नोंद सापडते ती व्हिएतनाममधल्या हनोईत, १९०२ च्या सुमाराला, आणि तीही उंदरांची. फ्रेंच सरकार शेपटीमागे पैसे देई, म्हणून लोक शेपटी छाटून उंदीर पुन्हा सोडून देत. रत्नागिरीत पाळण्याची गरजच नव्हती. मैलोन्‌मैल कातळाचे सडे, त्यावर सुटे दगड, पावसाळ्यानंतर वाळलेलं गवत आणि खायला विंचू, पाली, बेडूक. फुरसं अंडी घालत बसत नाही, थेट पिल्लांना जन्म देतं. जितकी मारावीत त्यांची जागा भरून निघेल इतकी सोय त्या भूगोलातच होती.

बक्षिसांची कल्पना रत्नागिरीपुरती नव्हती. कलकत्त्यात सर्जन जोसेफ फेअरर याने वर्षानुवर्षं सापांच्या विषाचे प्रयोग केले आणि १८७२ साली ‘द थॅनॅटोफिडिया ऑफ इंडिया’ हा भलाथोरला सचित्र ग्रंथ काढला. त्यातली चित्रं कलकत्त्याच्या कलाशाळेतल्या देशी विद्यार्थ्यांची आहेत आणि ती आजही बघत राहावीत अशी आहेत. फेअररने वेगवेगळ्या प्रांतांकडून आकडे मागवले होते. १८६९ या एका वर्षात, तेही देशाच्या काही भागातूनच, अकरा हजारांवर माणसं साप चावून मेल्याची नोंद हाती आली. जडीबुटी, नागमणी, वेगवेगळी द्रव्यं, जे जे विषावर उतारा म्हणून सांगितलं जाई ते त्याने तपासलं आणि एकही खरं उतरलं नाही. औषध नाही म्हटल्यावर हातात राहिलं ते मारणं, आणि मारण्यासाठी बक्षीस. वाघ-बिबट्यांसाठी हीच पद्धत होती. सापांची भर त्याच रकान्यात पडली. साहेबाच्या लेखी साप हा बाहेरून येणारा शत्रू होता.

घरातल्या माणसाच्या लेखी तसं नव्हतं. जुन्या मराठी घराची रचनाच अशी, की साप घरात येतो असं म्हणण्यापेक्षा तो घराचा एक भाडेकरू आहे असं म्हणणं जास्त खरं. मातीच्या भिंती, भिंतीतच काढलेली धान्याची बळदं, देशावर जमिनीत खणलेली पेवं, वर माळवद किंवा कौलं, परसात सरपणाचा ढीग, गोवऱ्यांचा हुडवा, गोठ्यालगत वैरणीची गंजी. धान्य तिथे उंदीर आणि उंदीर तिथे धामण. धामण बिनविषारी, सहा-सात फुटांची, उंदीर फस्त करणारी. तिच्या शेपटीत विष असतं, ती म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असल्या कथा तिच्या नावावर चिकटल्या आणि शेतकऱ्याचं धान्य वाचवणारं हे जनावर काठीखाली जात राहिलं. नाग मात्र मानाचा. कोकणात जुन्या घराच्या आसपास वर्षानुवर्षं दिसणारा नाग म्हणजे ‘राखणदार’, जागेचा मालक किंवा घराण्यातला कोणी पूर्वज. त्याला हात लावायचा नाही. गोव्यात तर वारुळालाच सांतेरी देवी मानतात. सांतेरीच्या कित्येक देवळांच्या गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी वारूळ असे, आणि त्यावर देऊळ उभं राहिलं.

रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही. ‘लांबडं’ म्हणायचं किंवा नुसतं ‘जनावर’. चावला असं म्हणायचं नाही, ‘पान लागलं’ म्हणायचं. अंधारात जाताना ‘आस्तिक, आस्तिक’ पुटपुटायचं, कारण जनमेजयाचं सर्पसत्र थांबवणाऱ्या आस्तिक ऋषीचे उपकार सापांनी मानले आहेत अशी समजूत. पण याच माणसांच्या हातात घुंगुरकाठीही असे. मंत्रावर विश्वास ठेवावा, पण काठी आपटतच जावं, असा तो हिशेब. काठीच्या हादऱ्याने साप आधीच बाजूला होतो, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. घरात उंदराचं बीळ दिसलं की बायका त्यात फुटक्या काचा आणि मुरूम ठासून वरून सारवून टाकत. हा सापावरचा उपाय म्हणून कोणी लिहून ठेवला नाही, पण बक्षिसाच्या रकान्यापेक्षा तो जास्त कामाचा होता.

नागपंचमीचे नियमही या दृष्टीने बघण्यासारखे आहेत. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही, विळीवर काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. जेवण उकडीचं, पुरणाच्या दिंडांचं. सण येतो ऐन श्रावणात, बिळांमध्ये पाणी शिरून साप उंच कोरड्या जागा शोधत घरांकडे सरकलेले असतात तेव्हा. वर्षातून एक दिवस तरी माती उकरू नये असं कोणाला तरी वाटलं असावं, असा अंदाज करायला जागा आहे. त्याहून पुढे जाऊन पूर्वजांना पर्यावरणतज्ज्ञ ठरवायची मात्र गरज नाही. पंचमीला ज्याची पूजा केली त्याला षष्ठीला ठेचणारी गावं भरपूर होती.

श्रद्धेचा सर्वात काळा भाग चावल्यानंतर सुरू होई. माणसाला देवळात नेऊन बसवायचं, कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा, कडू लागला नाही तर विष चढलं असं समजायचं, मांत्रिकाने मंत्र म्हणत विष उतरवायचं. बिनविषारी साप चावलेली किंवा विषारी सापाने कोरडा चावा घेतलेली माणसं जगणारच होती. ती जगली आणि मांत्रिकाची कीर्ती वाढली. घोणस आणि मण्यार लागलेल्यांच्या वेळेला नशिबाला बोल लावायचा.

विडालच्या काळात मुंबईत काही माणसं वेगळ्या कुतूहलाने घराभोवतीच्या जनावरांकडे बघत होती. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा साताऱ्यात जन्मलेला स्कॉटिश माणूस, नोकरी मिठागरं आणि जकात खात्यातली. १८८३ साली त्याने ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक लिहिलं. एका बंगल्यात ठाण मांडून बसलेले उंदीर, पाली, मुंग्या, कावळे, वटवाघळं, बेडूक यांच्याशी चाललेली साहेबाची लढाई असा त्याचा विषय. सूर खोचक, पण निरीक्षण इतकं बारीक की थट्टेच्या आड प्राणिशास्त्र उभं आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू केली. त्यांत एटकेन होता, प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग होते, आणि रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन होते. सापाची जात ओळखणं, त्याचं खाणं बघणं, तो कुठे राहतो ते टिपणं, हे काम अशा मंडळींमुळे शिकारीच्या गप्पांतून बाहेर पडलं. विडालची तक्रार छापली ती यांनीच.

औषधाची वाट उघडली ती परदेशात. १८९०च्या दशकात फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत याने घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तातून प्रतिविष काढण्याची रीत बसवली. मुंबईत तेव्हा प्लेगने कहर मांडला होता. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये वाल्डेमार हाफकिनची प्लेग प्रयोगशाळा होती, तिथे डॉ. जॉर्ज लँब यांनी सापांच्या विषावर काम केलं आणि एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली: नागाच्या विषाविरुद्ध बनवलेलं प्रतिविष घोणसेला चालत नाही. प्रत्येक कुळाचं विष वेगळं, उतारा वेगळा. पुढे कसौलीला आणि नंतर हाफकिन संस्थेत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषांवर एकत्रित प्रतिविष तयार होऊ लागलं. पिंपरीला हाफकिनचे घोडे, परळला सापांचं घर आणि साप हाताळणारी माणसं, असा हा कारखाना. याच संस्थेतले डॉ. पु. ज. देवरस यांनी १९६५ साली ‘स्नेक्स ऑफ इंडिया’ लिहिलं. सामान्य वाचकाच्या हाती सापांची खात्रीलायक माहिती त्यातून पोचली. ज्या फुरशासाठी रत्नागिरीत पैसे मोजले जायचे, त्याला आता जिवंत ठेवून विष काढण्यासाठी किंमत आली.

आज देशातल्या प्रतिविषासाठीचं विष बहुतांशी तामिळनाडूतल्या इरुला सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येतं. सापाच्या कातड्याच्या निर्यातीवर १९७६ साली बंदी आली तेव्हा या आदिवासींचं पोट उघड्यावर पडलं. रोम्युलस व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून १९७८ साली ही संस्था उभी राहिली. साप पकडायचा, विष काढायचं, पुन्हा सोडून द्यायचा. व्यवस्था उत्तम, पण विष प्रदेशागणिक बदलतं. एका प्रांतातल्या सापांच्या विषावर बनवलेलं प्रतिविष दुसऱ्या प्रांतात तितकंच लागू पडतं का, हा प्रश्न आता शास्त्रज्ञ विचारतात.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरातल्या सापाचं सरकारी स्थान पार उलटं केलं. ज्याला मारल्याबद्दल सरकार पैसे देई त्याला मारल्याबद्दल सरकार खटला भरू लागलं. या बदलाची किंमत आधी गारुड्यांनी मोजली. विषाचे दात उपटलेला, कधी तोंड शिवलेला, तहानेने व्याकूळ झाल्यामुळे बशीतलं दूध ओढणारा नाग घेऊन दारोदार फिरणं हा छळ होता, यात वाद नाही. पण त्या माणसांना दुसरा धंदा कोणी दिला नाही, हेही तितकंच खरं.

कायदा आणि परंपरा यांची खरी झटापट झाली ती सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला. गोरखनाथ भिक्षेसाठी आले, घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती म्हणून भिक्षेला उशीर झाला, तेव्हा त्यांनी मातीचा नाग जिवंत केला, अशी तिथली कथा. म्हणून तिथे नागपंचमीला जिवंत नागाची पूजा. सणाच्या आधी काही दिवस तरुणांची टोळकी शेताच्या बांधांवर बिळं शोधत हिंडायची. पकडलेला नाग मडक्यात, मडक्याच्या तोंडाला फडकं. घरोघरी ओवाळणं, मग मिरवणूक, आणि शेवटी ज्याच्या त्याच्या शिवारात सोडणं. शिराळकरांचं म्हणणं असं, की आम्ही नागाला मारत नाही, त्याचे दात काढत नाही, आमच्याइतका नाग कोणी जपला? हे म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. बांधावर फिरून नाग कुठे राहतो हे ओळखणारी माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली. पण उत्सव फुगत गेला, मिरवणुकीत ट्रॅक्टर, कर्णे, नागांच्या शर्यतीवजा खेळ असं सगळं आलं, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागाची मिरवणूक थांबली, पूजा प्रतिमेची होऊ लागली. २०२५ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शिराळ्यातल्या २१ जणांना, परंपरेचं ज्ञान पुढच्या पिढीला देण्यासाठी म्हणून, मर्यादित काळापुरती नाग पकडायची परवानगी दिली. करमणूक आणि मिरवणूक वगळून.

मधल्या काळात शहरांत एक नवाच माणूस तयार झाला होता, सर्पमित्र. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका बंद खोलीत राहिले. साप विनाकारण चावत नाही हे पटवून देण्याचा तो हिशेबी धाडसाचा प्रयोग होता. १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं आणि शाळांच्या सहली तिथे जाऊ लागल्या. आज महाराष्ट्रात तालुक्याच्या गावालाही दोन-चार सर्पमित्र असतात. नंबर पानटपरीवाल्यापासून पोलीस ठाण्यापर्यंत सगळ्यांकडे. फोन येतो, पोरगं मोटारसायकलवर निघतं, हातात लोखंडी आकडा, पाठीला बरणी किंवा पिशवी. न्हाणीघराच्या मोरीत, बुटांच्या मांडणीत, वॉशिंग मशीनच्या मागे. निघतो तो बहुतेकदा तस्कर, कवड्या, नाही तर धामण. घरमालक तोवर फिनेल, रॉकेल, लसूण सगळं शिंपडून बसलेला असतो आणि त्यातल्या कशानेही साप हललेला नसतो.

या कामात पैसा नव्हता, म्हणून त्यात खरी माणसं टिकली. पण मोबाइलचा कॅमेरा आला तशी फण्याला ओठ लावणारी, गळ्यात घोणस घालणारी हौशी जमातही आली, आणि त्यांतले कित्येक चाव्याने गेले. २०२५ साली राज्य सरकारने सर्पमित्रांसाठी ओळखपत्र आणि अपघात विम्याची घोषणा केली.

पकडलेल्या सापाचं पुढे काय होतं, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. गावाबाहेरच्या टेकडीवर दोन-चार किलोमीटरवर सोडला की सर्पमित्राचं काम संपतं. कर्नाटकातल्या अगुंबेला नागराजांच्या (किंग कोब्रांच्या) शरीरात ट्रान्समीटर बसवून त्यांचा माग काढण्यात आला. हलवलेला नागराज नव्या जागी स्थिर न होता स्थानिक नागराजापेक्षा खूपच लांबवर भटकत राहिला. ओळखीचं बीळ, ओळखीची शिकार सुटलेला साप रस्त्यावर आणि दुसऱ्या कोणाच्या अंगणात जास्त सापडतो. म्हणून जाणते सर्पमित्र धामण शक्य तितकी जवळच सोडतात आणि घरमालकाला उंदरांचा बंदोबस्त करायला सांगतात. घरमालकाला हे आवडत नाही. त्याने फोन साप न्यायला केलेला असतो.

आकडे अजून भयंकर आहेत. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात साप चावून सुमारे १२ लाख माणसं मेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. जवळपास निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या महिन्यांत, बहुतेक खेड्यांत, आणि पुष्कळसे दवाखान्यात न पोचता घरीच. २०२४ साली केंद्राने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा काढला आणि त्याच वर्षी राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं.

या मृत्यूंत घराचा वाटा सगळ्यात स्पष्ट दिसतो तो मण्यारीच्या बाबतीत. काळी, अंगावर पांढरे आडवे पट्टे, दिवसा सुस्त. रात्री ती पाली, उंदीर आणि इतर सापांच्या शोधात घरात शिरते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला चावते. चावा इतका हलका की झोपलेला माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो. पहाटे पोटात दुखतं, घशात अडकल्यासारखं होतं, पापण्या मिटायला लागतात. घरचे अपचन समजून ओवा देतात. नेपाळच्या तराईतल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप चावण्याचं प्रमाण बरंच कमी आढळलं. महाराष्ट्रात घरी खाट आली, शहाबादी फरशी आली, मोरीच्या तोंडाला जाळी बसली, चुलीजवळचं सरपण गॅसच्या टाकीने हटवलं. यांपैकी एकही गोष्ट सापासाठी केलेली नव्हती. ऊसतोड कामगाराच्या पाचटाच्या खोपीत आणि वीटभट्टीवरच्या झोपडीत मात्र आजही जमिनीवरच झोपावं लागतं, आणि तिथे मच्छरदाणी कोणी वाटत नाही.